इंजिनाचे निदान आणि हातात मावणारी उपकरणे : प्रस्तावना

विदर्भातील रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनांच्या इंजिनांत गेल्या पंचवीस वर्षांत जो बदल घडला, तो बॉनेट उघडून पाहणाऱ्याच्याही चटकन लक्षात येत नाही. सिलिंडर, पिस्टन, व्हाल्व्ह आणि क्रँकशाफ्ट जुन्याच जागी आहेत, त्यांची कामेही जुनीच आहेत. मात्र इंधन किती सोडायचे आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडायची हे पूर्वी कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर किंवा डिझेलचा यांत्रिक पंप ठरवीत असे, ते आता एका सीलबंद डब्यातील संगणक ठरवतो, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम किंवा ईसीयू या नावाने ओळखतात. तापमान, दाब, वेग, हवेचे प्रमाण यांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे सेन्सर या संगणकाला माहिती पुरवतात आणि त्याचा हुकूम मिळताच इंजेक्टर, इग्निशन कॉइल, थ्रॉटलची मोटर हे भाग काम करतात. परिणामी आज एखादे इंजिन मिसिंग करू लागले, म्हणजे त्याच्या एखाद्या सिलिंडरातील ज्वलन अधूनमधून चुकू लागले, तर दोष पिस्टनच्या रिंगेत असू शकतो आणि एखाद्या बारीक तारेच्या गंजलेल्या टोकातही असू शकतो. रिंगेचा दोष धुरावरून, आवाजावरून, ऑइलच्या खपावरून कळतो. तारेचा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि कानांनाही ऐकू येत नाही, तो मोजावाच लागतो. हे मोजमाप गाडीजवळ उभे राहून, इंजिन न उतरवता, हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी कसे करावे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या विषयाचा विचार नागपुरात बसून करण्याला कारणे आहेत. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि सुरतेकडून पारादीपकडे जाणारा क्रमांक ५३ यांची गाठ या परिसरात पडते, त्यामुळे वाडीपासून कामठी रस्त्यापर्यंतच्या गॅरेजांत पंजाबपासून तामिळनाडूपर्यंतचे ट्रक दुरुस्तीला येतात. उमरेड, वणी आणि चंद्रपूर या पट्ट्यांतील कोळशाच्या खाणींचे टिपर येतात. कापूस, सोयाबीन आणि धानाच्या शेतांतले ट्रॅक्टर येतात, ज्यांतले कित्येक हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील महिंद्रच्या कारखान्यातूनच बाहेर पडलेले असतात. त्याच हिंगण्यात एसटी महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक आहे, बाकी दोन पुण्याजवळ दापोडीला आणि छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाण्याला. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे; आणि कामठी रस्त्यावरच्या मेट्रो स्थानकाचे नावच ऑटोमोटिव्ह चौक आहे. अशा गावातल्या मिस्त्रीपुढे एकाच दिवशी यांत्रिक पंपाचा जुना ट्रॅक्टर, कार्ब्युरेटरची दुचाकी आणि डझनावारी सेन्सर असलेला, बीएस-६ या प्रदूषण-मानकाचा ट्रक असे तिन्ही येऊ शकतात, आणि तिघांच्याही मालकांचा प्रश्न एकच असतो: गाडी संध्याकाळपर्यंत मिळेल का?

जुन्या पिढीच्या मिस्त्रींकडे या प्रश्नाला उत्तर देण्याची स्वतःची पद्धत होती आणि ती अडाणी मुळीच नव्हती. चार सिलिंडरांपैकी कोणता काम करत नाही हे शोधायचे असेल, तर चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपाचा नट पाना लावून ढिला करायचा. ज्याचा पाइप ढिला केल्यावर इंजिनाचा आवाज पडतो तो सिलिंडर चांगला, ज्याच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही तो आजारी. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहण्याची ही रीत शास्त्रशुद्धच होती. नाशिकच्या सातपूरला मायकोच्या कारखान्यात, जी कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते, तयार होणाऱ्या नोझलांवर डिझेल मिस्त्रींच्या दोन पिढ्यांनी अशा रीतीने हात बसवला. पण कॉमन रेल पद्धत आली, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून कायम उच्च दाबाचे डिझेल पुरवण्याची व्यवस्था आली, तेव्हा ही युक्ती प्राणघातक ठरली. या नळीतला दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट जातो, आणि ढिल्या नटातून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टोचल्याएवढी दिसणारी ही जखम हात गमावण्यापर्यंत नेऊ शकते. नाशिकला तयार होणाऱ्या स्कॉर्पिओला २००५ च्या सुमारास कॉमन रेल इंजिन मिळाले आणि पुढे जीप, पिकअप, ट्रक असे करत ते गावोगावी पोहोचले. आता तीच चाचणी स्कॅनरच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकाशी बोलणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावरून एकेक इंजेक्टर क्षणभर बंद करून घेतात. तत्त्व तेच आहे, पाना तेवढा बदलला आहे.

हातात मावणाऱ्या उपकरणांची परंपरा संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकेडी या अभियंत्याला अँपिअर, व्होल्ट आणि ओहम मोजण्यासाठी तीन वेगवेगळी यंत्रे बाळगण्याचा कंटाळा आला, आणि त्यातून १९२३ साली तिन्ही एका पेटीत बसवणारा ॲव्होमीटर बाजारात आला. भारतात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत काट्याचे मल्टिमीटर पोहोचले, त्यांत मोटवाने या देशी कंपनीच्या मीटरांचा वाटा मोठा होता. १९७७ मध्ये फ्लूक या अमेरिकी कंपनीने आकडे दाखवणारा, एका हातात धरता येणारा मीटर आणला आणि काट्याची जागा हळूहळू आकड्यांनी घेतली. मोटारीच्या कामात हा फरक केवळ सोयीचा नाही. जुना काट्याचा मीटर किंवा मिस्त्रीच्या खिशातला बल्बचा टेस्ट लॅम्प हे दोन्ही मोजत असलेल्या तारेतून स्वतः वीज ओढतात, आणि संगणकाला जोडलेल्या नाजूक तारेतून अशी वीज ओढली गेली तर संकेत बिघडतो, क्वचित आतला भागही जळतो. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सुमारे एक कोटी ओहम असतो, त्यामुळे तो मोजतो तरी सर्किटाला जवळजवळ धक्का लावत नाही. म्हणून टेस्ट लॅम्प टाकून द्यावा असे मात्र नाही. हेडलाइटच्या किंवा पंपाच्या जाड तारेवर तो आजही मीटरपेक्षा खरे बोलतो, आणि त्याचे कारण पुढे येईल.

मीटरने काय मोजायचे याची सुरुवात बॅटरीपासून होते आणि दुर्दैवाने हीच पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. विश्रांतीत असलेली पूर्ण भारित बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना, म्हणजे स्टार्टर मोटर इंजिन फिरवत असताना, हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर ठीक असेल तर तो १३.८ ते १४.५ च्या दरम्यान स्थिरावतो. दोन मिनिटांत होणारी ही तपासणी न करता स्कॅनर लावला, तर कमी व्होल्टेजमुळे गोंधळलेल्या संगणकाने नोंदवलेले पाच-सहा असंबद्ध दोष पडद्यावर येतात आणि मिस्त्री त्यांच्या मागे लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या काळात बॅटरीतले पाणी उडते आणि आतल्या जाळ्यांची झीज वेगाने होते, म्हणून येथील वाहनांच्या बाबतीत ही पहिली पायरी अधिकच महत्त्वाची आहे.

बॅटरीच्या पाठोपाठ अर्थिंग येते. गाडीत बॅटरीची ऋण बाजू इंजिनाला आणि सांगाड्याला जोडलेली असते, सगळ्या भागांतून गेलेली वीज याच मार्गाने परत येते, आणि या मार्गातला एखादा नट गंजला की त्याचा रोध वाढतो. समजा, हा वाढलेला रोध एक शतांश ओहम आहे. साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजायला गेले तर तो शून्यच दाखवील, कारण इतका लहान रोध त्याला कळतच नाही. पण स्टार्टर मोटर दीडशे अँपिअर वीज ओढते तेव्हा त्याच गंजलेल्या नटावर दीड व्होल्ट खर्ची पडतात, आणि मोटरीला बाराऐवजी साडेदहाही धड मिळत नाहीत. हा दोष पकडण्याची रीत अशी की मीटर व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या धातूवर टेकवायचे, आणि सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर मार्ग स्वच्छ. पुढे गेला तर टोके एकेक करून जवळ आणत ज्या नटावर आकडा एकदम उतरतो तोच नट गंजलेला. याला व्होल्टेज ड्रॉप चाचणी म्हणतात. नळ बंद असताना गंजलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण दिसतो आणि तोटी उघडताच धार बारीक होते, तसाच हा प्रकार आहे. भार चालू असतानाच दोष उघडा पडतो. टेस्ट लॅम्प जाड तारेवर खरे बोलतो तो यामुळेच, कारण तो स्वतःच एक भार आहे. या एका चाचणीला पुस्तकात सबंध प्रकरण दिले आहे, आणि एखाद्या वाचकाने बाकीची प्रकरणे चाळून फक्त तेवढे एक हाताखालून घातले तरी पुस्तकाची किंमत वसूल होईल.

स्कॅनर नावाचे उपकरण गॅरेजात आले ते कायद्याच्या मागोमाग. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने प्रदूषणाला आळा घालण्यासाठी गाडीने स्वतःच्या दोषांवर स्वतः लक्ष ठेवावे असा नियम केला. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना त्याची सुधारित आवृत्ती, ओबीडी-२, सक्तीची झाली आणि सोळा पिनांचा एकच प्लग सर्व कंपन्यांना लावावा लागला. युरोपने पेट्रोल मोटारींसाठी २००१ पासून तशीच पद्धत स्वीकारली. भारतात चारचाकींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले, त्याबरोबर दुचाकींनाही पहिला टप्पा लागू झाला, आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या प्रदूषणाचे मोजमाप नियमांत आले. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, या मानकांसाठी वाहनांची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्र देते. स्टिअरिंगखाली सापडणाऱ्या त्या सोळा पिनांपैकी चौथी आणि पाचवी पिन अर्थिंगची, सोळावी बॅटरीची, आणि सहावी व चौदावी मिळून कॅन नावाच्या संदेशवाहिनीची. गाडीतले निरनिराळे संगणक याच दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. स्कॅनर सुरूच होत नसेल तर तो खराब ठरवण्यापूर्वी सोळाव्या पिनेवर बारा व्होल्ट आहेत का हे मीटरने पाहावे. पुष्कळदा फ्यूज उडालेला असतो.

स्कॅनर जे दाखवतो त्याला कोड म्हणतात आणि सारा गैरसमज येथूनच सुरू होतो. कोड पाच अक्षरांचा असतो: पहिले अक्षर पी असेल तर दोष इंजिन-गिअरबॉक्सच्या गटातला, पुढे शून्य असेल तर त्या कोडचा अर्थ सर्व कंपन्यांसाठी सारखा, आणि शेवटचे आकडे नेमके सर्किट किंवा स्थिती सांगतात. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरात मिसिंग, पी०३३५ म्हणजे क्रँकच्या सेन्सरचे सर्किट, पी०१७१ म्हणजे इंधन आणि हवेचे मिश्रण पातळ. यांतला एकही कोड कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. पी०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची प्रथा अनेक गॅरेजांत पडली आहे, वास्तविक बिचाऱ्या सेन्सरने एग्झॉस्टमध्ये प्राणवायू जास्त आहे एवढी खरी बातमी दिलेली असते; खरी बातमी देणाऱ्याला हाकलून नवा नेमला तर तोही दोन दिवसांनी तीच बातमी देणार.

मग खरे कारण कसे शोधावे, याचे उत्तर त्याच स्कॅनरच्या दुसऱ्या पानावर, लाइव्ह डेटामध्ये असते. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून संगणक इंधन जितके टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात; तात्पुरती आणि दीर्घकालीन अशी त्याची दोन रूपे असतात, आणि दोहोंची बेरीज उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर सामान्यतः काळजीचे कारण नसते. इंजिन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, ट्रिम अधिक पंचवीस टक्के दिसली आणि अडीच हजार आरपीएमला ती जवळपास शून्यावर आली, तर कुठेतरी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा फाटलेल्या रबरी नळीतून चोरटी हवा शिरते आहे. कारण मुळात हवा कमी असताना तेवढ्याशा चोरीचा परिणाम मोठा होतो आणि हवा भरपूर आत जाऊ लागली की तो नगण्य ठरतो. उलट आयडलला सर्व ठीक आणि चढावर किंवा ओझ्याखाली ट्रिम वाढत असेल, तर फ्युएल पंप थकला आहे, फिल्टर तुंबला आहे, किंवा हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ बसली आहे. खाणीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्यांत पहिला संशय धुळीवर घ्यावा. असा सेन्सर क्लीनरची फवारणी करून स्वच्छ होतो. नवा बसवायचा तर हजारो रुपये पडतात.

याच संदर्भात इथेनॉलचा मुद्दा येतो, आणि नागपुरात तो टाळताच येणार नाही, कारण इथेनॉलवर चालणारी बस या शहराच्या रस्त्यांवर २०१४ मध्येच उतरली होती. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट, आणि वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा पट. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन थोडे जास्त द्यावे लागते आणि संगणक ते ट्रिम वाढवून देतो. दहा टक्के मिश्रणासाठी बेतलेल्या गाडीत वीस टक्क्यांचे पेट्रोल भरले की ट्रिम तीन-चार टक्के वर सरकणे हे इंधनाच्या स्वभावाला धरून आहे. हे ठाऊक नसलेला मिस्त्री निरोगी इंजिनात दोष शोधत बसतो, आणि सगळेच खापर इथेनॉलवर फोडणाऱ्या मिस्त्रीकडून खरा दोष पाहायचा राहून जातो. दुसऱ्या प्रकारचे मिस्त्री सध्या अधिक आढळतात.

उन्हाळ्यात बंद पडणारी आणि तासाभराने आपोआप सुरू होणारी गाडी हा नागपूरच्या गॅरेजांना चांगला परिचित असलेला प्रकार आहे, आणि उपकरणाशिवाय निदान किती अंधारात होते हे त्यावरून कळते. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चक्राजवळ बसवलेला सेन्सर अनेक गाड्यांत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. दात समोरून जाताना त्यात विजेचा झोत निर्माण होतो आणि त्यावरून संगणकाला वेग व स्थिती कळते. वेटोळ्यातली तार कुठे पिचलेली असेल तर थंडीत तिची टोके एकमेकांना टेकलेली राहतात, आणि भर दुपारी टोलनाक्याच्या रांगेत इंजिनाचा कप्पा तापला की ती सुटतात, मग इंजिन तत्काळ बंद पडते. गाडी ओढून गॅरेजात आणेपर्यंत ती निवलेली असते, सेन्सर मीटरवर बरोबर रोध दाखवतो, आणि मालकाला गाडीत काही दोष नाही असे सांगून परत पाठवले जाते. निदानाची योग्य वेळ गाडी बंद असतानाचीच. त्या क्षणी स्कॅनर लावून सेल्फ मारावा. इंजिन फिरताना दिसते आहे आणि पडद्यावर आरपीएम मात्र शून्य, तर संगणकाला इंजिन फिरते आहे हेच ठाऊक नाही, म्हणून तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही देत नाही. गाडी निवलेलीच मिळाली असेल तर सेन्सरला गरम हवेच्या बंदुकीने तापवून मीटरवर रोध पाहत राहावे. हाच विचार कॉमन रेल गाडीला लावायचा तर आरपीएमबरोबर रेलचा दाबही पाहावा, कारण सेल्फ मारताना तो साधारण दीडशे-दोनशे बारच्या वर गेला नाही तर संगणक इंजेक्टर उघडतच नाही.

तिसरे उपकरण ऑसिलोस्कोप. मीटर एका क्षणाचा आकडा दाखवतो, स्कॅनर संगणकाला जे वाटते ते दाखवतो, आणि ऑसिलोस्कोप तारेत प्रत्यक्ष काय घडते आहे त्याचा काळाबरोबर बदलणारा आलेख काढतो. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये केलेल्या नळीपासून त्याची सुरुवात झाली. एके काळी चाकांच्या कपाटावर ढकलत न्यावे लागणारे हे यंत्र आता लॅपटॉपला जोडायच्या छोट्या पेटीत मावते. त्याची ताकद एका चाचणीवरून कळेल. इंजेक्शन बंद करून, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करून, बॅटरीच्या जाड केबलभोवती क्लॅम्प, म्हणजे तार न कापता बाहेरूनच अँपिअर मोजणारा चिमटा, लावायचा आणि काही सेकंद सेल्फ मारायचा. प्रत्येक पिस्टन हवा दाबत वर येतो तेव्हा स्टार्टरला जास्त जोर लागतो आणि आलेखात एक उंचवटा उठतो. चार सिलिंडर, दोन फेऱ्यांत चार उंचवटे. चारही सारखे असतील तर कंप्रेशन सारखे आहे. एक उंचवटा बुटका असेल तर त्या सिलिंडरात हवा दाबली जात नाही, व्हाल्व्ह जळला आहे किंवा रिंग गेली आहे; आणि दुसऱ्या तारेवर पहिल्या सिलिंडराच्या कॉइलचा संकेत घेतला तर तो सिलिंडर कितवा हेही कळते. एकही प्लग न काढता, एकही नट न फिरवता. जुन्या पद्धतीने चार प्लग किंवा चार ग्लो-प्लग काढून, त्यातले एखादे हेडमध्येच तुटण्याचा धोका पत्करून, हेच काम करायला अर्धा दिवस जातो. तरीही ऑसिलोस्कोप नागपुरातल्या सामान्य गॅरेजांत क्वचितच दिसतो, आणि त्याचे कारण किमतीपेक्षा शिकवणाऱ्यांची टंचाई हे अधिक आहे.

ट्रक आणि मोठे ट्रॅक्टर यांची भाषा थोडी निराळी असते. त्यांत जे-१९३९ नावाची पद्धत वापरतात आणि दोष दोन आकड्यांत सांगितला जातो: पहिला आकडा कोणती राशी, दुसरा तिला काय झाले. ११० हा इंजिनाच्या कूलंटच्या तापमानाचा क्रमांक. त्यापुढे शून्य असेल तर इंजिन खरोखरच तापले आहे, रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप पाहावा. त्यापुढे ३ असेल तर सेन्सरच्या तारेवरचे व्होल्टेज प्रमाणाबाहेर चढलेले आहे, बहुतेक तार तुटली आहे. त्या वेळी लाइव्ह डेटा पाहिला तर कूलंटचे तापमान उणे ४० अंश दिसते, आणि वैशाखात नागपूरला उभ्या असलेल्या ट्रकमध्ये हा आकडा खोटा आहे हे ओळखायला कोणतेच प्रशिक्षण लागत नाही. बीएस-६ ट्रकांत धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आणि युरियाचे द्रावण फवारणारी एससीआर यंत्रणा यांची भर पडली आहे. हे द्रावण ३२.५ टक्के युरियाचे असावे लागते, त्यात पाणी मिसळलेले निघाले की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो आणि ड्रायव्हर पिकअप गेला म्हणून पंप उतरवायला सांगतो. पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाल्याने त्यांतही संगणक आला आहे, लहान ट्रॅक्टर मात्र पुष्कळसे यांत्रिकच आहेत. त्यामुळे तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला पुढची बरीच वर्षे दोन्ही विद्या लागणार.

उपकरणे मिळण्याचाही एक प्रश्न आहे आणि तो तांत्रिक नाही. ओबीडीच्या नियमांनी प्रदूषणाशी संबंधित माहिती सर्वांना खुली केली. पण एबीएस, एअरबॅग, चावीची सुरक्षा, इंजेक्टरचे क्रमांक संगणकात भरणे ही कामे कंपनीच्या स्वतःच्या स्कॅनरशिवाय बहुधा होत नाहीत, आणि तो स्कॅनर बाहेरच्या मिस्त्रीला सहजी मिळत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यात सुटे भाग आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करून न देणे हा आक्षेप मध्यवर्ती होता. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारी व शेतीची अवजारे दोन्ही घेतली. दुसऱ्या टोकाला काही शे रुपयांत मिळणारे, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे प्लग आहेत. ते कोड वाचण्यापुरते चालतात, मात्र नकली चिपांमुळे आकडे अडखळत येतात, म्हणून क्षणाक्षणाला बदलणाऱ्या राशीसाठी त्यांच्यावर विसंबू नये. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचा विचार या पुस्तकात मुद्दाम केलेला नाही. नागपुरात मे २०१७ मध्ये विजेच्या टॅक्सी सुरू झाल्या तेव्हापासून त्या विचाराची गरज वाढते आहे हे खरे, पण तेथे शेकडो व्होल्टशी गाठ असते, आणि त्यासाठी वेगळे मीटर, वेगळे हातमोजे आणि वेगळे प्रशिक्षण लागते.

कोड पुसण्याच्या सवयीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाची स्थिती, वेग, तापमान, भार, ट्रिम, गोठवून ठेवतो. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. गाडी येताच आधी कोड पुसून दिवा घालवणारा मिस्त्री हा पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करतो. प्रथम सर्व काही कागदावर उतरवावे किंवा मोबाइलने पडद्याचा फोटो घ्यावा, मग पुसावे, आणि कोणता कोड किती वेळात परत येतो ते पाहावे.

पुस्तकाचा मुख्य वाचक शासकीय आणि खाजगी आयटीआयमधील मेकॅनिक मोटर व्हेइकल व मेकॅनिक डिझेल या व्यवसायांचा विद्यार्थी आणि स्वतःचे गॅरेज चालवणारा मिस्त्री हा आहे. त्याने स्कॅनर घेण्याची घाई करू नये. चांगला डिजिटल मल्टिमीटर आणि क्लॅम्प आधी घ्यावा, आणि त्यांचा सराव बिघडलेल्या गाडीवर न करता चांगल्या चालणाऱ्या गाडीवर करावा. बॅटरीचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा अर्थिंगचा ड्रॉप, थंड इंजिनावर आणि तापलेल्या इंजिनावर कूलंट सेन्सरचा रोध, स्कॅनर मिळेल तेव्हा आयडलची ट्रिम आणि रेलचा दाब, हे आकडे गाडीचे मॉडेल आणि तारीख घालून एका वहीत लिहावेत, आणि जानेवारीत लिहिलेल्या गाडीचेच आकडे मेमध्ये पुन्हा घ्यावेत, कारण ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते आणि संगणकाचे बरेच आकडे त्याप्रमाणे हलतात. कंपन्यांच्या माहितीपुस्तकांत दिलेले आणि या पुस्तकातलेही आकडे सर्वसाधारण परिस्थितीचे आहेत. वाचकाच्या वहीतील निरोगी गाड्यांचे आकडे त्यांच्याशी जुळले नाहीत, तर मीटर एकदा पडताळून पाहावा आणि नंतर वहीवर विसंबावे.